मार्चचा खर्च तिप्पट कसा?

प्रश्न : आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्राचा मासिक खर्चाचा तक्ता मी भरतो. मार्चमध्ये ओपीडीच्या एका रुग्णामागचा खर्च जुलैच्या तिप्पट आला. बिलं तपासली, बेरजा जुळतात. घोळ कुठे आहे?
– एक वाचक, राजापूर तालुका

उत्तर : बेरीज बरोबरच असेल. मार्चअखेर अनुदान संपवायच्या घाईत औषधं, हातमोजे, कापूस एकदम घेतले जातात आणि पुढे चार महिने पुरतात. कॅश बुकात पैसे कधी गेले ते कळतं. माल कधी वापरला ते साठा नोंदवहीत.

सर्पदंशावरच्या प्रतिविषाचं उदाहरण घ्या. समजा, १ जुलैला ४० कुप्या शिल्लक होत्या, जिल्हा भांडारातून ३० आल्या, शेजारच्या केंद्राला १० दिल्या, महिनाअखेर २२ उरल्या. वापर ३८. एखादी मुदतबाह्य झाली असेल तर ती वेगळ्या ओळीत दाखवा. वापरात मिसळली की ती कुणाच्या नजरेलाच पडत नाही. भांडारातला माल तुमच्या कॅश बुकात शून्य असतो, म्हणून जुलै स्वस्त दिसतो. पावतीवरचा दर लावा. दर नसेल तर भांडाराकडून शेवटच्या खरेदीचा मागवा.

आता या ३८ कुप्या ओपीडीच्या माथी मारू नका. फुरसं चावलेल्या माणसाला विषबाधेची लक्षणं दिसली की सुरुवातीलाच ८ ते १० कुप्या लागतात, आणि तो दाखल असतो. चार रुग्णांत एवढ्या कुप्या संपतात. तो खर्च आंतररुग्ण विभागाचा. नाहीतर सर्दी-खोकल्याचा रुग्ण उगाच महाग ठरतो.

पगार हातात पडणारा नव्हे, कपातीपूर्वीचा पूर्ण धरा. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी लोकांचं मानधन जिल्ह्यातून परस्पर होतं, ते हमखास सुटतं. रिक्त पदाचा पगार मात्र धरू नका. नर्सबाई ओपीडी, वॉर्ड, लसीकरण सगळीकडे असतात. दोन आठवडे वेळेची साधी नोंद ठेवा. ६० टक्के वेळ ओपीडीत गेला तर ४०,००० पैकी २४,००० ओपीडीचे. १,२०,००० चा जनरेटर १० वर्षं चालेल असं धरलं तर महिन्याला १,०००, डिझेल वेगळं.

भागताना नवे-जुने दोन्ही रुग्ण घ्या आणि शीर्षकात ‘रुग्णामागे’ऐवजी ‘भेटीमागे’ लिहा. गणपतीत चाकरमानी आले की ओपीडी फुगते, पगार तेवढाच राहतो, आकडा आपोआप उतरतो. त्यामुळे मासिक आकड्याशेजारी तिमाही सरासरीही द्या.