डॉक्टरांसमोर तू व्हेगन का नाहीस?

ताई, मी २३ आठवड्यांची प्रेग्नंट आहे, पहिलीच वेळ. चार वर्षांपासून पूर्ण व्हेगन आहे, दूध, दही, अंडं, मध काहीच नाही. आधी घरात कोणाला त्याचं फार काही वाटत नव्हतं पण बाळाचं कळल्यापासून सगळं बदललंय. सासूबाई रोज रात्री काही न बोलता दुधाचा ग्लास माझ्या उशाशी आणून ठेवतात, मी तो तसाच ठेवते, सकाळी त्यावर जाड साय धरलेली असते आणि मग दिवसभर घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही. नवरा म्हणतो, काही महिन्यांचा तर प्रश्न आहे, पी ना. माझी आईसुद्धा त्यांच्याच बाजूने. सगळ्यांना वाटतं की मी हट्टापायी बाळाला उपाशी ठेवतेय. पण मी खूप वाचलंय ताई, प्रोटीनचा हिशोब मला पाठ आहे, डाळी, सोया, दाणे, तीळ, पालेभाज्या सगळं रोज असतं. हिमोग्लोबिन चांगलं आहे, बाळाची वाढ व्यवस्थित आहे. डॉक्टरांकडे काही प्रॉब्लेम नाही, तिथे फॉर्मवर मी नुसतं शाकाहारी लिहिलंय, उगाच लेक्चर नको म्हणून. थोडा थकवा असतो पण तो सगळ्यांनाच असतो. हा माझा निर्णय आहे आणि त्याचा मान ठेवा, हे या लोकांना मी कसं समजावू?

*

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मीही त्या दुधाच्या ग्लासाकडेच बघत बसले, कारण तू तो दाखवलासच तसा, साय बिय सकट. दुसऱ्यांदा वाचताना मात्र एका वाक्याशी अडकले ती अडकलेच. "फॉर्मवर मी नुसतं शाकाहारी लिहिलंय, उगाच लेक्चर नको म्हणून." एवढ्या मोठ्या पत्रात या गोष्टीला तू एक ओळ दिलीस आणि पुढे निघून गेलीस. मी नाही जाणार पुढे. ग्लास आज बाजूला राहू दे, सासूबाईही राहू देत.

अगं, तुझे डॉक्टर ज्या बाईला तपासतायत ती बाई तू नाहीस. ती दूध पिते, दही खाते. शाकाहारी हा शब्द वाचला की मांस-मासे नाहीत, दूधदुभतं आहे, असंच कोणीही धरणार, त्यात डॉक्टरांची काय चूक? आता तो शब्द आकड्यात मांडून बघ. एक कप दुधात साधारण १.२ मायक्रोग्रॅम बी-१२ हे जीवनसत्त्व असतं आणि ३०० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. दिवसाला दोन कप धर, म्हणजे २.४ मायक्रोग्रॅम आणि ६०० मिलिग्रॅम झालं. अमेरिकेतल्या शिफारशीप्रमाणे प्रेग्नन्सीत रोज २.६ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं आणि कॅल्शियम १००० मिलिग्रॅम. म्हणजे फॉर्मवरच्या त्या बाईचं बी-१२ जवळजवळ भागलं, कॅल्शियम निम्म्याच्या वर गेलं, थोडं आयोडीनही आलं, तिच्याबद्दल डॉक्टर निवांत आहेत आणि ते बरोबरच आहे.

तुझ्या ताटातून बी-१२ किती येतं? सप्लिमेंट नसेल तर जवळपास शून्य. कॅल्शियम तिळातून, सोयातून, पालेभाजीतून बरंच जमवता येतं, प्रोटीनचं तर तू म्हणतेस तसं पाठच आहे, पण बी-१२ ना डाळीत असतं ना दाण्यात. ते बॅक्टेरिया बनवतात. स्पिरुलिनामध्ये असतं असं वाचलं असशील तर ते सोडून दे, त्यात दिसतो तो बी-१२ सारखा दिसणारा पण शरीराला न चालणारा भाऊबंद असतो. तू खूप वाचलंयस, माझा विश्वास आहे, पण तुझ्या पत्रात बी-१२ हा शब्द एकदाही आलेला नाही बघ. गोळी चालू असती तर तू पहिली तीच सांगितली असतीस, कारण घरच्यांना गप्प करायला तुझ्याकडे त्याच्याहून चांगलं उत्तर नव्हतं.

मला माहितीये तू काय म्हणणार, चार वर्षं झाली मला काही झालं नाही. होत नाही लगेच. मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो, म्हणूनच माणूस गाफील राहतो. पण पोटातल्या बाळाला तुझ्या जुन्या साठ्यातलं तितक्या सहज मिळत नाही, वारेतून त्याच्याकडे मुख्यतः ते जातं जे तू सध्या खातेस. आणि पुढे अंगावरच्या दुधातही तेच. आईकडेच कमी असेल तर बाळ जन्मताना अगदी छान दिसू शकतं आणि मग चार-सहा महिन्यांनी, जेव्हा ते नुसतं अंगावर पीत असतं, तेव्हा मलूल व्हायला लागतं, मान सावरायला शिकलेलं असतं ती पुन्हा पडायला लागते, हसायचं कमी होतं, दूध नको म्हणतं. वेळेत कळलं तर इंजेक्शनने बाळं भराभर सुधारतात. उशीर झाला तर काहींच्यात कमतरता मागे राहते. मी हे लिहिताना माझाच हात जड झालाय पण लिहिणार, कारण तुला हे ज्याने सांगायचं तो माणूस तुझ्या एका शब्दामुळे गप्प बसलाय.

आणि ते छान हिमोग्लोबिन. तू डाळी, पालेभाज्या खातेस म्हणजे फोलेट भरपूर, वर प्रेग्नन्सीची फॉलिक अॅसिडची गोळीही असेलच. बी-१२ कमी असलं की खरं तर रक्तात ते दिसायला हवं, पेशी मोठ्या होतात, हिमोग्लोबिन पडतं. पण फोलेट भरपूर असलं की रक्ताची बाजू सावरली जाते आणि मज्जातंतूंचं नुकसान मात्र आत चालू राहू शकतं. म्हणजे तुझ्या चांगल्या खाण्यामुळेच रिपोर्ट चांगला दिसत असेल. थकवा, हातापायाला मुंग्या, जीभ हुळहुळणं, विसरायला होणं, ही सगळी बी-१२ कमी असल्याची लक्षणं आणि यातल्या प्रत्येकाला घरातली कोणीही मोठी बाई म्हणेल, अगं दिवस गेलेत, होतं असं. तूही तेच म्हणतेस, थकवा सगळ्यांनाच असतो. असेलही. पण हे तू अंदाजाने ठरवू नकोस आणि मीही इथे बसून ठरवणार नाही, त्यासाठी रक्त तपासावं लागतं आणि ती टेस्ट डॉक्टर तुला लिहून देणार नाहीत, कारण फॉर्मवरच्या बाईला तिची गरज नाहीये.

तुला एक सांगते, हे मी फार कमी लोकांना सांगितलंय. माझ्या दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आयर्नच्या गोळ्या दिल्या होत्या. त्या घेतल्या की मला मळमळायचं, पोट चार-चार दिवस साफ व्हायचं नाही, मी बंद केल्या. दर वेळी ते विचारायचे, गोळ्या चालू आहेत ना? मी म्हणायचे हो. भीती काय होती, तर ते रागावतील, बाळाची काळजी नाही का म्हणतील. हिमोग्लोबिन काही चढेना. त्यांनी डोस वाढवला, मी वाढीव गोळ्याही आणून ड्रॉवरमध्ये टाकल्या. मग त्यांना शंका आली की माझ्या पोटात आयर्न शोषलंच जात नाही की काय, अजून टेस्ट झाल्या, मी तीनदा हात पुढे करून रक्त दिलं आणि तीनदा गप्प बसले. आठव्या महिन्यात एकदा त्यांना कपाळाला हात लावून माझे कागद पुढे-मागे उलटताना पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मी गोळ्या घेतच नाहीये. ते एक शब्द बोलले नाहीत. कागदावरची एक ओळ पेनाने खोडली, खाली दुसरी गोळी लिहिली, जेवणानंतर घ्या म्हणाले. ती मला सोसली. तीन महिने मी ज्या ओरड्याला घाबरत होते तो आलाच नाही. आला असता तरी काय, पाच मिनिटांचा असता.

म्हणून तुझी भीती मला कळते. चार वर्षं प्रत्येक जेवणाला कोणी ना कोणी विचारत असणार, मग प्रोटीनचं काय, झाडांना जीव नसतो का, आणि तू दर वेळी शांतपणे समजावत असणार. दमायला होतं गं. त्या फॉर्मवर लिहिताना तू दमलेली होतीस, बाकी काही नाही. पण बघ ना, घरात तू रोज रात्री एका ग्लासासमोर ठाम उभी राहतेस आणि जिथे ठाम उभं राहून खरंच काही मिळणार होतं तिथे नाव बदलून बसलीस. जिच्याशी भांडायचं काही कारण नाही तिच्याशी भांडण आणि ज्यांना सांगायलाच हवं त्यांच्यापासून लपवाछपवी. याचा मला राग आला, खोटं कशाला बोलू.

अजून एक विचारू? डॉक्टरांनी ओमेगा-३ ची, व्हिटॅमिन डी ची कॅप्सूल लिहून दिली असेल तर ती तू घेतेस का? बऱ्याच कॅप्सूलचं कव्हर जिलेटिनचं, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून केलेलं असतं, ओमेगा बहुतेक वेळा माशाच्या तेलाचं, डी-३ मेंढीच्या लोकरीतून काढलेलं. फॉर्मवरच्या बाईला दिलेल्या कॅप्सूल तुझ्या कपाटात पडून असतील असा माझा अंदाज आहे आणि चुकला तर मला आनंदच होईल. कारण या सगळ्याला पर्याय आहेत, ओमेगा शेवाळापासून मिळतं, डी-३ दगडफुलाच्या जातीतून, बी-१२ च्या गोळीतलं बी-१२ तर बॅक्टेरियाकडूनच बनवून घेतात, त्यात प्राणी येतच नाही. फक्त ते लिहून देणाऱ्याला माहीत हवं ना. आणि एखादी गोष्ट जिलेटिनशिवाय मिळालीच नाही तर ती घे. ब्रिटनमध्ये १९४४ साली व्हेगन सोसायटी सुरू झाली, त्यांच्या स्वतःच्या व्याख्येतच शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं, असं लिहिलंय. औषधाची कॅप्सूल घेतल्याने तू तुझ्या तत्त्वातून उठत नाहीस.

तर उद्या सकाळी फोन कर. पुढच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस. असं म्हण: मी फॉर्मवर शाकाहारी लिहिलंय ते अपुरं आहे, मी चार वर्षं दूध, अंडं, काहीच घेत नाही, मला बी-१२ ची टेस्ट करून हवी आहे आणि यापुढेही मी दूध घेणार नाही हे धरून मला सप्लिमेंट लिहून द्या. बस. माफी मागू नकोस, कारणं सांगत बसू नकोस. प्रेग्नन्सीत रक्तातलं बी-१२ तसंही थोडं खाली दिसतं, त्यामुळे आकडा काठावर आला तर मिथाइल मॅलोनिक अॅसिडची टेस्ट (बी-१२ खरंच कमी पडतंय का ते त्यातून कळतं) करू का हे त्यांनाच विचार. डोस तेच ठरवतील, कारण बी-१२ एका वेळी थोडंच शोषलं जातं, रोज घ्यायची गोळी वेगळी आणि आठवड्याला घ्यायची वेगळी. त्याच फोनवर आयोडीनचंही विचारून घे.

लेक्चर मिळालं तर ऐकून घे आणि पुन्हा तेच वाक्य म्हण. नीट आखलेला व्हेगन आहार प्रेग्नन्सीतही चालतो असं अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये म्हटलं होतं, त्यांचं २०२५ चं निवेदन मात्र गरोदर नसलेल्या मोठ्या माणसांपुरतंच आहे, तेव्हा कागद दाखवून जिंकायला जाऊ नकोस, नीट आखलेला यातला आखायचा भाग त्यांच्याकडून करून घे. इतकं सांगूनही टेस्टच करणार नाही म्हणाले तर मात्र डॉक्टर बदल.

सासूबाईंचं तू विचारलंस, त्याचं उत्तर मी आत्ता देणार नाही. त्यांना बी-१२ हा शब्द माहीत नसेल पण या ताटात काहीतरी कमी आहे हे त्यांना दिसतंय आणि त्यांच्या त्या एका ग्लासात तुझ्या रोजच्या गरजेचं जवळपास निम्मं असतं. दूध पिऊ नकोस. पण रिपोर्ट हातात आला, गोळी सुरू झाली, की ती बाटली उशाशी ठेव, जिथे त्या ग्लास ठेवतात तिथेच, आणि त्यांना सांग की ही डॉक्टरांनी दिलीये, मी दूध घेत नाही हे त्यांना माहीत आहे. हे वाक्य आज तुला म्हणता येत नाही. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात गेलीस की ती फाइल मागून घे, तो शब्द खोड आणि वर स्वच्छ अक्षरात काय आहे ते लिही.