चेहऱ्यावरची न बरी होणारी पुळी दातामुळे आहे का, हे सोनोग्राफीत कळतं का?

हो, बऱ्याचदा कळतं. हनुवटीवर किंवा जबड्याच्या कडेला एकाच जागी पुन्हा पुन्हा पू येत असेल, मलमं-गोळ्यांनी फरक पडत नसेल, तर दाताचा संशय घ्यायलाच हवा, मग दात अजिबात दुखत नसला तरी! मुळाशी साचलेला पू हाड पोखरून त्वचेपर्यंत वाट काढतो. सोनोग्राफीच्या जास्त फ्रिक्वेन्सीच्या प्रोबने (त्वचेवर फिरवतात त्या उपकरणाने) पाहिलं की ही वाट त्वचेखालून जबड्याकडे जाणाऱ्या काळपट पट्ट्यासारखी दिसते. हाडाची पांढरी रेघ तिथे अनेकदा तुटलेली असते. नेमका दात कोणता, ते मात्र एक्स-रेवर बघावं लागतं. दात तपासल्याशिवाय पुळी कापून घेऊ नका, ती परत येते. रूट कॅनाल केलं किंवा दात काढला की जखम सहसा काही आठवड्यांत आपोआप भरते.