रात्रपाळीला माणसे किती?

वाचकांचे प्रश्न : ज्येष्ठांची शुश्रूषा केंद्रे

वृद्धांना शुश्रूषा केंद्रात ठेवण्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आईचे वय 82 आहे. घरात पडून खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, परंतु ती पुन्हा चालू लागली नाही. आम्ही दोघेही नोकरी करतो आणि ब्युरोतून येणाऱ्या बायका टिकत नाहीत, म्हणून तिला केंद्रात ठेवण्याचे ठरवले आहे. एका केंद्राची इमारत नवी आहे, बाग आहे, खोलीत टीव्ही आहे. दुसरे जुन्या बंगल्यात आणि दिसायला साधे आहे. निवड कशावरून करावी? — एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : बाग तुम्हाला दिसणार आहे, अंथरुणावर असलेल्या तुमच्या आईंना नाही; म्हणून ती हिशेबातून वगळावी. दोन्ही केंद्रांना एकच प्रश्न विचारा : रात्री दहा ते सकाळी सहा या वेळात किती माणसे जागी असतात आणि त्यांच्याकडे अंथरुणाला खिळलेले रुग्ण किती असतात? दिवसा व्यवस्थापक, फिजिओथेरपिस्ट, डॉक्टरांची फेरी, नातेवाइकांची ये-जा असे सगळे असते. खरी परीक्षा रात्री होते.

याचे गणित साधे आहे. ज्याला स्वतः कूस बदलता येत नाही त्याची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते. चांगली एअर मॅट्रेस असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने हे अंतर वाढवता येते. कूस बदलणे, डायपर पाहणे, ओला असल्यास अंग पुसून बदलणे आणि चादर सरळ करणे याला दोन माणसांना दहा मिनिटे लागतात असे धरले, तर वीस रुग्णांची एक फेरी दोनशे मिनिटांची होते. दोन तासांत मिनिटे एकशे वीसच असतात. त्यामुळे वीस खाटांना दोन मावशी ठेवून ‘आम्ही दर दोन तासांनी कूस बदलतो’ असे कोणी सांगितले, तर ते खरे असणे शक्य नाही, मग सांगणारा कितीही सज्जन असो.

केंद्र पाहायला पुन्हा जाल तेव्हा रात्री आठच्या सुमारास, शक्यतो न कळवता जा. जेवण भरवले जात असेल ते पाहा. पाठ टेकवून सरळ बसवलेल्या रुग्णाला घासागणिक थांबून भरवले जाते, की आडव्या असलेल्याच्या तोंडात चमचा घातला जातो, एवढे पाहिले तरी पुरेसे कळते. आडवे ठेवून भरवलेले अन्न श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. परिचारिका कोण आहेत तेही विचारा. जीएनएम किंवा एएनएम हे परिचर्येचे अभ्यासक्रम झालेल्या परिचारिकेची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी असते. मावशी कितीही मायाळू असल्या तरी इन्सुलिनची मात्रा ठरवणे आणि नाकातल्या नळीची जागा तपासणे हे त्यांचे काम नाही.

आई तिथे राहू लागल्यावर दर भेटीत माकडहाड, खुबे आणि टाचा स्वतः उघडून पाहा. लाल चट्टा दिसला तर बोटाने दाबा. बोट उचलल्यावर तो क्षणभर फिकट पडून पुन्हा लाल झाला तर रक्तपुरवठा ठीक आहे. फिकट पडलाच नाही, तर बेडसोअरची, म्हणजे सतत दाब पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली आहे. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे ती जागा आजूबाजूपेक्षा काळपट, गरम किंवा कडक लागते. वजनही महिन्याला लिहून ठेवायला सांगा. महिनाभरात वजन पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे पन्नास किलोंचे साडेसत्तेचाळीस झाले, तर ‘वयामुळे असेल’ हे उत्तर मान्य करू नका.

प्रश्न : वडिलांना डिमेन्शिया आहे आणि ते पुण्यातील एका केंद्रात आहेत. या वेळी भारतात आलो तेव्हा ते दिवसभर गुंगीत दिसले आणि मनगटांवर वळ होते. रात्री उठून पडू नयेत म्हणून हात पलंगाला बांधतो, असे तेथील लोकांनी सहज सांगितले. हे योग्य आहे का? मी इथून काय करू शकतो? — एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : योग्य नाही, आणि त्यांनी ते सहज सांगितले ही त्यातली सर्वांत गंभीर गोष्ट आहे. बांधल्याने पडणे थांबते ही समजूत चुकीची आहे. बांधलेला माणूस सुटण्यासाठी धडपडतो, कठड्यावरून अधिक उंचीवरून पडतो, कठड्याच्या फटीत अडकतो. शिवाय पायांतले बळ काही आठवड्यांत जाते आणि नंतर तो खरोखरच उभा राहू शकत नाही. तुम्ही राहता त्या देशात 1987च्या कायद्याने शिस्त लावण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी रहिवाशांना बांधण्यास आणि औषधाने गुंगवण्यास मनाई केली. आपल्याकडील 2017चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही स्पष्ट आहे : साखळीने बांधणे पूर्णपणे निषिद्ध आहे, आणि अन्य बंधन तात्काळ इजा टाळण्याचा दुसरा मार्गच नसेल तेव्हा, मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, आवश्यक तेवढ्याच वेळेपुरते घालता येते. त्याची नोंद करावी लागते आणि रुग्णाच्या प्रतिनिधीला चोवीस तासांत कळवावे लागते. या कायद्यातील व्याख्येत स्मृतीचे आणि भानाचे गंभीर विकार येतात; म्हणून केंद्राची त्याखाली नोंदणी आहे का, हे लेखी विचारा.

गुंगीचे कारण औषधांच्या तक्त्यात सापडेल. तक्त्याचा फोटो मागवून त्यात क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, लोराझेपाम किंवा क्लोनाझेपाम आहे का, कोणी लिहून दिले आणि शेवटचा फेरविचार केव्हा झाला, हे पाहा. पहिल्या दोन औषधांच्या गटाविषयी अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने 2005 मध्येच ठळक इशारा दिला आहे की डिमेन्शिया असलेल्या वृद्धांमध्ये त्यामुळे मृत्यूचा धोका वाढतो. कधी कधी ही औषधे लागतात, हेही खरे. परंतु गोळी तुम्ही स्वतः थांबवू नका, डॉक्टरांकडून ती कमी करत आणून घ्या.

केंद्राने विचारायचा प्रश्न असा की वडील रात्री उठतात कशासाठी? बहुतेक वेळा लघवीसाठी. कधी बद्धकोष्ठ, पोटरीत गोळे, भूक. झोपण्यापूर्वी आणि मध्यरात्रीनंतर एकदा स्वच्छतागृहात नेऊन आणणे, पलंग जमिनीलगत ठेवणे, मंद दिवा, हाताशी चष्मा, दिवसा थोडे चालवणे यांनी अर्धी अडचण सुटते. यालाही अर्थात जागे माणूस लागते, आणि मुळात बांधले जाते ते माणूस नसल्यामुळेच. तुम्ही दूर आहात याचा एक फायदा करून घ्या : तुमच्याकडे दुपारचे साडेचार वाजतात तेव्हा पुण्यात मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्या वेळी व्हिडिओ कॉल करण्याची मुभा करारातच लिहून घ्या. मुभा नाकारली तर पुण्यातल्या नातेवाइकांना दुसरे केंद्र शोधायला सांगा.

प्रश्न : या केंद्रांवर सरकारी देखरेख कोणाची असते? तक्रार कोठे करावी? — एक वाचक, सातारा

उत्तर : देखरेख तुटक आहे. 2007च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे, परंतु खासगी शुश्रूषा केंद्रांच्या दर्जाविषयी त्यात फारसे काही नाही. ही उणीव भरून काढणारे, नोंदणी आणि किमान मानके सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर 2019 मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच 2024 मध्ये सभागृह विसर्जित झाले. त्यामुळे काही केंद्रे केवळ शॉप ॲक्टच्या परवान्यावर चालतात. आजारी किंवा दुर्बल व्यक्तींना ठेवून उपचार व शुश्रूषा करणारी जागा मात्र 1949च्या नर्सिंग होम नोंदणी कायद्याच्या व्याख्येत बसते. म्हणून शहरात महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे विचारणा करावी. अग्निसुरक्षेसाठी राज्याच्या 2006च्या कायद्यानुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये सादर होणारा ‘फॉर्म बी’, म्हणजे आगीपासून बचावाची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, पाहायला मागावा.

पैसे घेऊन सेवा दिली नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, तीही तुम्ही राहता त्या जिल्ह्यात. केंद्राला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार जाणूनबुजून मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 357 खाली गुन्हाही आहे. शिक्षा किरकोळ आहे, पण पोलीस ठाण्यात हे कलम ठाऊक असलेला तक्रारदार वेगळ्या प्रकारे ऐकला जातो.

प्रश्न : मी एका केंद्रात रात्रपाळीला असते. अठरा पेशंट आणि आम्ही दोघी. एक जण आली नाही तर मी एकटी. कूस बदलल्याच्या नोंदी सकाळी एकदम भरून घेतात. बोलले तर काम जाईल. मी काय करावे? — एक कर्मचारी

उत्तर : तुमचे पत्र वरच्या तिन्ही वाचकांनी वाचावे असे आहे. जे केले नाही ते लिहू नका. रकाना रिकामा सोडा. पुढे एखाद्याला जखम झाली, तर दर दोन तासांनी सही असलेला कागद मालकाला वाचवील आणि तुम्हाला अडकवील. एकटीच असाल त्या रात्री पर्यवेक्षकांना ‘आज मी एकटी आहे, अठरा पेशंट आहेत’ एवढाच संदेश व्हॉट्सॲपवर पाठवा. त्यात तक्रार नाही, पण वेळेसह लेखी नोंद आहे.

सगळ्यांचे होणार नसेल तेव्हा क्रम लावावा लागतो. ज्यांना अजिबात हलता येत नाही, जे ओले राहतात आणि ज्यांची हाडे वर आली आहेत त्यांच्यापासून सुरुवात करा. टाचा अधांतरी राहतील अशी पोटऱ्यांखाली उशी ठेवा, कारण ती रात्रभर काम करते. रुग्णाला एकटीने ओढू नका. घासटून कातडी सोलवटते आणि तुमची पाठही जाते. दोघी असाल तेव्हा कमरेखाली आडवी चादर घालून उचला. नेहमी बोलणारे आजोबा अचानक गप्प झाले किंवा बरळू लागले, तर ती झोप समजू नका. लघवीतला संसर्ग, साखर उतरणे किंवा पाणी कमी पडणे यांपैकी काही असू शकते, लगेच परिचारिकेला उठवा.

तक्रार तुम्हीही करू शकता. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567 ही सकाळी 8 ते रात्री 8 चालते आणि तिथे फोन करण्यासाठी नातेवाईक असावे लागत नाही. रात्री जिवावर बेतले तर रुग्णवाहिकेसाठी 108 आणि पोलिसांसाठी 112 लावा. व्यवस्थापकांच्या परवानगीची वाट पाहू नका.