युद्ध संपल्यावर काळा बाजार लगेच मोडून काढावा का?

तुमचा प्रश्न असा आहे की, युद्ध थांबलेल्या प्रदेशात नव्या सरकारने तस्करी आणि काळा बाजार आधी मोडावा, की काही काळ चालू द्यावा? माझं मत: सरसकट मोडू नये. त्या बाजारावर कोण पोट भरतंय आणि कोण गबर होतंय, हे आधी वेगळं करावं.

मला हे पटलं ते एर्गनेतीमुळे. रशियाच्या दक्षिणेला असलेला जॉर्जिया हा देश आणि त्यातून फुटू पाहणारा दक्षिण ओसेतिया हा प्रदेश यांच्यातली लढाई १९९२ मध्ये थांबली आणि पुढच्या काही वर्षांत त्स्खिनवाली या दक्षिण ओसेतियाच्या राजधानीला लागूनच असलेल्या या गावात प्रचंड बाजार भरू लागला. रशियाकडून रोकी बोगद्यातून पीठ, पेट्रोल, सिगारेटी यायच्या. कर कुठेच भरला जात नसे. जॉर्जियाने तिथे कस्टम्सचं नाकं बसवलं असतं, तर ‘ही आमची सरहद्द आहे’ असं आपणच कबूल केल्यासारखं झालं असतं. दक्षिण ओसेतिया आपलाच भाग आहे हा दावा सोडायचा नव्हता, म्हणून नाकं नाही, आणि नाकं नाही म्हणून तस्करी. दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे हात त्यात ओले होत होते. पण काही वर्षांपूर्वी एकमेकांवर गोळ्या झाडणाऱ्या समाजांतली माणसं तिथे रोज भाव करत होती, उधारी ठेवत होती. उधारी विश्वासाशिवाय चालत नाही, आणि तो विश्वास कुठल्याही शांतता परिषदेने निर्माण केला नव्हता.

२००४ मध्ये जॉर्जियाच्या नव्या सरकारने हा बाजार बंद केला. महसूल बुडतोय हे त्यांचं म्हणणं खरंच होतं. पण ज्यांची चूल त्यावर पेटत होती त्यांच्यासाठी दुसरी सोय केली नाही. ओसेतियन लोकांचा जॉर्जियाशी रोजचा संबंध तुटला, रशियावरचं अवलंबन वाढलं, त्याच ऑगस्टमध्ये चकमकी झाल्या. २००८ चं रशिया-जॉर्जिया युद्ध बाजार बंद केल्यामुळे झालं असं मी म्हणणार नाही, त्याची कारणं फार मोठी आहेत. पण भेटण्याची एक जागा गेली, हे नुकसान मला अजून खुपतं.

याची दुसरी बाजू बोस्नियात दिसते. तिथलं युद्ध संपवणाऱ्या १९९५ च्या डेटन करारानंतर ब्रच्को शहराजवळ नाटोच्या चौकीशेजारी ‘एरिझोना’ बाजार सुरू झाला. युद्धात एकमेकांविरुद्ध लढलेले सर्ब, क्रोएट, बोस्नियाक (बोस्नियातले मुस्लिम) सगळे तिथे येत, आणि परदेशी सैन्यानेही त्याला प्रोत्साहन दिलं. पण त्याच बाजाराच्या आडोशाने बायकांची विक्री होऊ लागली. त्यामुळे ‘व्यापार लोकांना जोडतो’ एवढंच म्हणून थांबणं मला अन्यायाचं वाटतं. पुढे ब्रच्को प्रशासनाने परवाने आणि कर लावून तो बाजार कायद्याखाली आणला, बांधकाम एका इटालियन कंपनीकडे दिलं. जुन्या टपरीवाल्यांना हुसकावलं गेलं म्हणून निदर्शनंही झाली.

अफगाणिस्तानातल्या अफूबद्दलही थोडं सांगतो, कारण तिथे बाहेरचे लोक हमखास चुकतात. अनेक शेतकऱ्यांना अफूच्या पिकावर ‘सलाम’ नावाची उचल मिळायची: व्यापारी आधी पैसे देतो, हंगामात अफू घेतो. तारण ठेवायला काही नसलेल्या माणसाला दुसरीकडे कर्ज मिळणं अवघड. अशा शेतातलं उभं पीक नष्ट केलं की कर्ज तसंच राहतं, आणि ते फेडायला तो पुढच्या वर्षी पुन्हा अफूच लावतो. म्हणजे तिथे पोलिसांच्या आधी पतपुरवठा पोचायला हवा.

माझ्या हातात असतं तर माणसं विकणारे, शस्त्रं विकणारे आणि लढाईत कमावलेल्या पैशावर खुर्च्या विकत घेणारे यांच्यावर पहिल्या दिवसापासून कारवाई केली असती. या तिसऱ्या गटाला वेळ दिला की तोच कायदे करायला बसतो. पीठ-पेट्रोल विकणाऱ्याला मात्र आधी साधा, स्वस्त परवाना आणि बसायला जागा दिली असती, कर नंतर, आणि तोही इतका कमी की लाच देण्यापेक्षा कर भरणं परवडावं.

युद्धात ज्या बाईने चोरट्या वाटेने पीठ आणून शेजाऱ्यांना जगवलं, तिला शांतता झाल्यावर पहिली नोटीस गुन्हेगार म्हणून यावी, हे मला कधीच पटलं नाही.