प्राँगहॉर्नच्या (अमेरिकेतला हरणासारखा प्राणी) शिकारीसाठी 150 डॉलरच्या आत कोणती दुर्बीण घ्यावी? की रायफलच्या स्कोपवरच (नेम धरायच्या नळीवरच) भागेल?

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग आधी घेतो, कारण त्यावरून आमच्या घरात आजही वाद पेटतो. स्कोपवर भागत नाही. पैसे कमी असतील तर रायफल साधी घ्या, स्कोप साधा घ्या, पण दुर्बिणीशिवाय वायोमिंग राज्यात शिकारीला जाऊ नका.

मी शेजारच्या कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सला राहतो. परवान्याच्या सोडतीत नंबर लागला की वायोमिंगमधल्या लॅरमीवरून मेडिसिन बो, आणि तिथून उत्तरेला शर्ली बेसिनचं मैदान. एका मोसमात माझे साडू बरोबर होते. माणूस हौशी, रायफल झकास, तिच्यावर 3-9 पटींचा महागडा स्कोप, आणि गळ्यात दुर्बीण नाही. "यातून नऊपट दिसतंय, मग आणखी एक भिंग कशाला?" असं त्यांचं म्हणणं.

सकाळभर ते प्रत्येक पांढऱ्या ठिपक्यावर रायफल उचलत होते. त्या मैदानात पांढरे ठिपके चिक्कार: प्राँगहॉर्नचे पार्श्वभाग, उन्हात चमकणारे दगड, कुणाची तरी पिकअप. दुपारी एका कळपाच्या दोन अंगांना आम्ही दोघं पांगलो. मी कोरड्या ओढ्यातून वर आलो, समोरच्या उतारावरून दुर्बीण फिरवली, तर साडू पोटावर आडवे, गाल रायफलीच्या दस्त्याला टेकलेला आणि नळी सरळ माझ्या दिशेला. माझ्या अंगात कायद्यानं घालावं लागणारं नारिंगी जॅकेट होतं, टोपीही नारिंगीच. तरी सेजब्रशच्या झुडपांतून नेमकं कोण येतंय ते त्यांना बघायचं होतं, आणि बघायला त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. मी खाली बसलो आणि बराच वेळ उठलो नाही.

चेंबरमध्ये गोळी नव्हती, असं ते नंतर म्हणाले. नसेल. पण स्कोपमधून शोधायचं म्हणजे समोर काय आहे हे कळायच्या आधीच त्याच्यावर नेम धरायचा. माझा आक्षेप एवढाच आहे आणि त्याला त्यांनी अजून उत्तर दिलेलं नाही. शिवाय कळपानं त्यांची ती उचल-ठेव केव्हाच पाहिली होती. या प्राण्याची नजर भयंकर तीक्ष्ण. तो ताशी 80 किलोमीटरच्या वर पळतो. कळप गेला तो गेलाच.

आता दुर्बीण. 8×42 घ्या, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग 42 मिलिमीटरचं. दुकानदार 10×42 पुढे करेल, पण तिथला वारा दिवसभर थांबत नाही आणि दहापटीत हाताची थरथरही दहापट दिसते. दुपारी तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते, तेव्हा 12 पटीच्या दुर्बिणीतून फक्त मोठं धूसर दिसतं. 42 ला 8 नं भागलं की सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो, 10×25 च्या खिशातल्या दुर्बिणीत अडीचच. झूमवाली दुर्बीण हातातही धरू नका. तुमच्या पैशात निकॉनची प्रोस्टाफ पी3 किंवा व्होर्टेक्सची क्रॉसफायर एचडी बसते. व्होर्टेक्सची वॉरंटी दुर्बिणीबरोबर नव्या मालकाकडे जाते, म्हणून त्यांचीच डायमंडबॅक एचडी जुनी मिळाली तर मी ती आधी उचलेन. अंधुक उजेडासाठी जादा पैसे मोजू नका, प्राँगहॉर्न भर दिवसा उघड्यावर चरतो. गळ्यातला पट्टा मात्र काढून छातीवरचा हार्नेस लावा, तासाभरात मान सांगेल का ते.

चष्मा असेल तर आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवता येतो ते अंतर) 15 मिलिमीटरच्या वर बघा, नाहीतर कडेचं काहीच दिसणार नाही. ट्रायपॉड नेणार असाल तर 10×42 चालेल, तेवढ्यापुरतं दुकानदाराचं बरोबर. परवाना मादी-पिल्लाचा असेल तर फक्त शिंगांवर जाऊ नका. माद्यांनाही आखूड शिंगं असतात, आणि वर्षाच्या नराचीही आखूडच. नराच्या जबड्याखालचा काळा डाग शोधा. तो 400 यार्डांवरून आठपटीत दिसतो. भारतातून वाचणाऱ्यांसाठी: आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे, पण रेहेकुरीला काळवीट बघायलाही हीच दुर्बीण घ्या.

आणि 150 डॉलर जड जात असतील तर ते स्कोपमधून कापा. 300 यार्डांच्या आत साधा 3-9×40 पुरतो. त्याहून लांबून मारायची वेळ येत असेल, तर महागडा स्कोप हे त्यावरचं उत्तर नाही, साडू काहीही म्हणोत. रांगत आणखी जवळ जा. तिथे जमिनीलगत निवडुंग असतो, तेव्हा गुडघ्यांना जाड पॅड बांधा.