विमानात गुडघे समोरच्या सीटला लागतात, जागा खरंच कमी झाली का?

हो, झाली आहे, तुमची उंची वाढलेली नाही! एका सीटपासून पुढच्या सीटच्या त्याच बिंदूपर्यंतचं अंतर म्हणजे पिच. पूर्वी इकॉनॉमीत ते 32 ते 34 इंच असायचं, आता स्वस्त विमानांत 28 ते 30. अर्थात सगळा दोष पिचचा नाही. एअरबसच्या ए-320 या विमानात 180 ऐवजी 186 सीट बसवताना मागची टॉयलेटं आणि पँट्री आक्रसली, सीटच्या पाठी पातळ केल्या. पाठ पातळ असली की त्याच पिचमध्ये गुडघ्याला इंचभर जास्त मिळतो, पण दोन तासांनी कंबर बोलायला लागते.

मी सहा फुटी. सोलापूरहून हुतात्मा एक्सप्रेसने पुण्याला जाऊन तिथून दिल्लीचं विमान पकडतो, तेव्हा इमर्जन्सी दाराजवळची सीट पैसे भरून घेतो. तिथे लहान मुलांना बसवत नाहीत, आणि दाराच्या रांगा लागोपाठ दोन असतील तर पुढचीची पाठ बहुधा मागे झुकत नाही.

सोलापूरहून गोव्याला जाणाऱ्या एटीआरची, म्हणजे पंख्यांच्या छोट्या विमानाची, चिंता नको. दोन-दोनची रांग, मधली सीटच नाही. तासाभराचा तर प्रवास, एवढ्यात गुडघे कुरकुरत नाहीत.