वाचकांचे प्रश्न : राजधानीच्या आधीचे हानुआबादा

मागील अंकात पापुआ न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावरील हानुआबादा या गावाचे, भरतीच्या पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या घरांचे एक छायाचित्र आम्ही छापले होते. त्याखालच्या दोन ओळींनी वाचकांचे समाधान झाले नाही, हे आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या आणि तिसऱ्या उत्तराला बरीच जागा लागली असून बाकीची उत्तरे थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : हे छायाचित्र पाहून आमच्या वेसावे कोळीवाड्याचीच आठवण झाली. तेथील लोकही पूर्वापार मासेमारीवर जगणारे असावेत ना? (एक वाचक, वर्सोवा)

आठवण होणे स्वाभाविक आहे, पण साम्य दर्शनी रूपापुरतेच धरावे. हानुआबादाचे मोटू लोक मासे धरत आले आहेत आणि आजही धरतात. तरीही त्यांच्या संसाराचा भार मासेमारीने एकटीने कधी उचलला नाही. मडकी घडवायची आणि समुद्रमार्गे दूर नेऊन त्यांच्या बदल्यात धान्याची सोय करायची, हा त्यांचा खरा व्यवसाय होता आणि त्याचे कारण तेथील पावसात आहे. पापुआचा बराचसा प्रदेश घनदाट अरण्याचा असला, तरी हानुआबादाशेजारच्या पोर्ट मोर्स्बी या राजधानीभोवतालची पट्टी कोरडी आहे. तेथे वर्षाला सुमारे १,००० मिलिमीटर, म्हणजे मुंबईच्या जेमतेम निम्मा पाऊस पडतो आणि तोही मुख्यतः डिसेंबर ते एप्रिल या काळात. अशा गवताळ टेकड्यांवर कंद आणि केळी कितीही लावली, तरी पुढचा हंगाम येईपर्यंतची बेगमी होत नसे.

या तुटीवर मोटूंनी काढलेला उपाय म्हणजे ‘हिरी’ ही वार्षिक व्यापारी सफर. आग्नेयेकडून वाहणारे वारे टिकून आहेत तोवर, साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास, लगातोई नावाची मोठी जहाजे पश्चिमेकडे पापुआच्या आखाताकडे निघत आणि वायव्येचे वारे सुरू झाले की त्यांच्या जोरावर परतत. मधले काही महिने खलाशी आखातातील गावांमध्ये, पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यापारी सोबत्यांकडे, मुक्कामाला असत. अंतर थोडेथोडके नव्हते. दूरची गावे सुमारे ३०० किलोमीटरवर होती. लगातोई म्हणजे झाडाचे खोड कोरून केलेल्या अनेक होड्या शेजारी शेजारी घट्ट बांधून त्यांवर एकच मोठा तराफा उभारलेला असे आणि त्यावर खेकड्याच्या नांगीच्या आकाराची दोन उंच शिडे असत. जाताना एकेका लगातोईवर गवतात आणि पानांत गुंडाळलेली हजाराहून अधिक मडकी असत. येताना सागोचे टनावारी पीठ भरलेले असे आणि त्याखेरीज आखातातल्या जंगलातले मोठे ओंडकेही आणले जात. हे ओंडके तेथेच कोरून मूळ होड्यांना जोडत, त्यामुळे परतणारे जहाज निघालेल्या जहाजापेक्षा रुंद असे. सागो हा दलदलीत वाढणाऱ्या एका ताडवर्गीय झाडाच्या खोडातला पिठूळ गर आहे. आपण उपवासाला खातो तो साबुदाणा हल्ली टॅपिओकाच्या कंदापासून करतात, पण त्याचे मूळ या झाडाच्या गरात आहे, असे ओघात सांगून ठेवतो.

सफरीचा नेता ‘बादितौना’ म्हणून ओळखला जाई. निघण्याआधी कित्येक दिवस तो खाण्यापिण्याचे आणि ब्रह्मचर्याचे कडक नियम पाळत असे आणि त्याची पत्नी तो परत येईपर्यंत घरी निर्बंधांत राहत असे. हिरीची सुरुवात जवळच्याच बोएरा गावच्या एदाई सियाबोने केली, अशी मोटूंची परंपरागत कथा आहे. मासेमारीला गेला असता एका समुद्रदेवतेने त्याला पाण्याखाली ओढून नेले आणि लगातोई बांधण्याची विद्या देऊन परत पाठवले, असे त्या कथेत सांगितले जाते. कथा कथेच्या जागी राहू द्यावी, परंतु या किनाऱ्यावरची कुंभारकला निश्चितपणे प्राचीन आहे. बोएराच्या परिसरात, कॉशन बे येथे, नैसर्गिक वायूच्या प्रकल्पाआधी झालेल्या उत्खननात सुमारे २,९०० वर्षांपूर्वीची, लापिता या पॅसिफिकमधील प्राचीन शैलीची मातीची भांडी सापडली. दुसऱ्या महायुद्धानंतर ॲल्युमिनियमची पातेली आणि दुकानातला तांदूळ सर्वत्र मिळू लागला आणि हिरीची निकड संपत गेली. आता सप्टेंबरमध्ये, देशाच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास, लगातोई उत्सवापुरती पाण्यात उतरते.

प्रश्न : ही मडकी चाकावर घडवत होते काय? कुंभार हा तेथे स्वतंत्र समाज होता काय? (एक वाचक, कुंभारवाडा, धारावी)

चाक तेथे नव्हते आणि कुंभारांची वेगळी जातही नव्हती. मडकी घडवणे हे मोटू स्त्रियांचे काम होते, ते पुरुष करीत नसत. एका हाताने आतून गुळगुळीत गोटा धरायचा आणि दुसऱ्या हाताने बाहेरून लाकडी फळीने ठोकत भिंत पातळ करायची, ही पद्धत आपल्याकडच्या कुंभारांनाही अपरिचित नाही. भाजणी उघड्यावरच होत असे. आपल्याला विशेष वाटेल अशी बाब म्हणजे प्रत्येक स्त्री आपल्या मडक्यावर स्वतःची खूण करीत असे आणि त्यामुळे पुरुषांनी दूर नेऊन केलेल्या व्यवहारात कोणाच्या मडक्यांबद्दल किती सागो आला, याचा हिशेब घरी लागत असे. लगातोईच्या कथा सांगताना पुरुषांच्या धाडसाचेच वर्णन होते. पण जहाजात भरायला माल कोणी तयार केला, हे विसरले तर हिरीचे अर्थशास्त्रच कळणार नाही.

प्रश्न : राजधानीच्या इतक्या जवळ असूनही हे गाव टिकले कसे? जमीन कोणाची आहे? (एक वाचक, दादर)

प्रश्न जरा उलट्या बाजूने पाहावा लागेल, कारण गाव राजधानीच्या जवळ गेले नाही, राजधानीच गावाशेजारी येऊन वसली. १८७३ मध्ये ब्रिटिश आरमाराचे कॅप्टन जॉन मोर्स्बी यांनी या बंदराची पाहणी करून त्याला आपल्या वडिलांचे नाव दिले, तेव्हा मोटू गावे तेथे होतीच. त्याच सुमारास लंडन मिशनरी सोसायटीने पॉलिनेशियातून आणलेले धर्मशिक्षक येथे राहू लागले. कुक बेटांपैकी मांगाया येथून आलेले रुआतोका हे त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध असून त्यांनी उरलेले सारे आयुष्य या किनाऱ्यावर काढले. १८७४ मध्ये विल्यम लॉज हे मिशनरी सपत्नीक आले. चर्चमध्ये आजही मोटू भाषेत गायली जाणारी ‘पेरोवेता’ ही अनेक आवाजांची भक्तिगीते या पॉलिनेशियन शिक्षकांचा वारसा आहेत. इंग्रज पाळकांपेक्षा या बेटवासी शिक्षकांचा ठसा गावावर अधिक खोल उमटला, असे माझे मत आहे.

६ नोव्हेंबर १८८४ रोजी कमोडोर जेम्स अर्स्किन यांनी येथे ब्रिटिश संरक्षित राज्याची घोषणा केली आणि बोए वागी या मोटू प्रमुखाला अधिकाराची खूण म्हणून एक काठी दिली. वास्तविक मोटू समाजात सर्वांवर हुकूम चालवणारा एकच प्रमुख अशी व्यवस्थाच नव्हती. गाव ‘इदुहू’ नावाच्या कुळगटांचे मिळून बनलेले असे. प्रत्येक इदुहूची घरे किनाऱ्यापासून समुद्राकडे एका रांगेत पुढे जात आणि घरातली वडीलधारी माणसेच आपापल्या रांगेचा कारभार पाहत. परकीय सरकारला बोलायला एक माणूस हवा होता, म्हणून त्याने तो नेमला. गावातले वजन मात्र आधीप्रमाणे इदुहूंकडेच राहिले.

जमिनीच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. किनाऱ्यालगतच्या बऱ्याच जमिनीवर पूर्वापार हक्क कोइता लोकांचा होता. त्यांची भाषा मोटूंच्या भाषेपेक्षा अगदी वेगळ्या कुळातली असून शेती आणि शिकार हे त्यांचे व्यवसाय होते. मोटू पाण्यावर आणि कोइता जमिनीवर, असे शेजार जुळून पुढे लग्नसंबंध इतके वाढले, की आता दोघांचा उल्लेख ‘मोटू-कोइता’ असा एकत्रच होतो. शहरासाठी वसाहतकाळात जमिनी घेतल्या गेल्या, तेव्हाच्या व्यवहारांबद्दल या समाजात आजही नाराजी आहे. १९०६ पासून पापुआचा, म्हणजे पूर्वीच्या ब्रिटिश न्यू गिनीचा, कारभार ऑस्ट्रेलियाकडे गेला आणि त्या काळात स्थानिकांना रात्री नऊनंतर गोऱ्यांच्या शहरात वावरण्याची बंदी होती. याच शहरातल्या कचेऱ्या, शाळा आणि गोद्या हानुआबादाच्या माणसांच्या श्रमावर चालत होत्या, हे लक्षात घेतले म्हणजे बंदीचा अर्थ नीट उमगतो.

१९४२ च्या फेब्रुवारीत जपानी विमानांनी पोर्ट मोर्स्बीवर बाँबहल्ले सुरू केले. गावकऱ्यांना किनाऱ्यावरच्या इतर गावांत हलवण्यात आले आणि युद्धाच्या काळात रिकामे गाव आगीत जळून गेले. छायाचित्रातील घरे त्यामुळे फार जुनी नाहीत. लाकडी खांब आणि झावळ्यांची छपरे यांच्या जागी युद्धानंतर ऑस्ट्रेलियन प्रशासनाने कापीव लाकूड आणि पत्रे वापरून वस्ती पुन्हा उभी केली. रचना मात्र गावकऱ्यांनी जुनीच, इदुहूंच्या रांगांची ठेवली. माझ्या मते गाव टिकण्याचे खरे कारण येथे आहे. घर जळाले तरी त्या रांगेतली आपली जागा कोणती, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक होते. पुढे १६ सप्टेंबर १९७५ रोजी देश स्वतंत्र झाला आणि २००७ च्या कायद्याने मोटू-कोइता गावांना स्वतःची सभा मिळाली. महानगराच्या कारभारात या समाजाला तिच्याद्वारे प्रतिनिधित्व असते. मुंबईतील कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला पाहता, आपल्या वाचकांनी या तरतुदीची माहिती करून घ्यावी असे वाटते. ती पुरेशी आहे, असा दावा मात्र तेथील लोकही करणार नाहीत. मूळ वस्तीवर माणसांचा ताण वाढला असून घरांच्या रांगा समुद्रात आणखी पुढे सरकल्या आहेत. शहराचा प्लॅस्टिक कचरा ओहोटीला त्यांच्या खांबांत अडकून राहतो.

प्रश्न : माझ्या संग्रहात ब्रिटिश न्यू गिनीचे एक जुने तिकीट आहे. त्यावरचे विचित्र शिडांचे जहाज म्हणजे लगातोईच काय? (एक वाचक, गिरगाव)

होय. १९०१ मध्ये निघालेल्या या मालिकेवर लगातोईचे चित्र असून मागे हानुआबादाची घरे दिसतात. ते कॅप्टन बार्टन या अधिकाऱ्याने काढलेल्या छायाचित्रावरून घेतलेले आहे. तिकिटांइतकेच नाण्यांकडेही आपण लक्ष द्यावे. १९७५ मध्ये प्रचारात आलेल्या ‘किना’ या चलनाचे शंभर ‘तोया’ होतात आणि तोया म्हणजे मोटू लोक लग्नात वधूमूल्य म्हणून देत आलेले शंखाचे दंडकडे. हानुआबादात वधूमूल्याची प्रथा आजही मोठ्या थाटात पाळली जाते, पण हल्ली त्यात नोटांचाही वाटा असतो.

प्रश्न : पापुआ न्यू गिनीच्या क्रिकेट संघाचा या गावाशी संबंध आहे, असे ऐकले. खरे काय? (एक वाचक, शिवाजी पार्क)

खरे आहे. त्या देशाच्या राष्ट्रीय संघातले कितीतरी खेळाडू या एका गावाने दिले. मिशनऱ्यांनी खेळ आणला आणि मोटूंनी तो आपलासा केला. गावात मोकळे मैदान नाही, म्हणून मुले घरांच्या पुढच्या रस्त्यावर खेळतात; शिवाजी पार्कवर जागेसाठी भांडणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. त्या देशात अन्यत्र रग्बी लीगचे वेड असताना क्रिकेटची ही वस्ती किनाऱ्यावरच्या मोजक्या गावांत टिकून राहिली. नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातील टाउन्सविल येथे हाँगकाँगविरुद्ध या संघाने आपले पहिलेच दोन एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने जिंकले आणि २०२१ च्या ऑक्टोबरात ओमानमध्ये तो टी-ट्वेंटी विश्वचषकात प्रथमच उतरला. पोर्ट मोर्स्बीतले अमिनी पार्क हे त्यांचे प्रमुख मैदान असून ते क्रिकेट खेळणाऱ्या एका घराण्याच्या नावाने ओळखले जाते.